चलनात न आलेले सोने : ब्रिटिश नमुना-नाण्यांचा कस कसा लावावा?

#थ्रेड #इतिहास #नाणकशास्त्र

१/ ११ डिसेंबर १९३६ रोजी इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड सिंहासनावरून पायउतार झाला. त्या वेळी लंडनमधील टॉवर हिलच्या शाही टांकसाळीत त्याच्या नावाच्या नाण्यांचे ठसे कोरून झाले होते आणि मोजकी नमुना-नाणीही पाडून झाली होती. त्यांवर साल होते १९३७. नव्या वर्षाच्या आरंभी ही नाणी लोकांच्या हाती पडायची होती. राजाने गादी सोडली आणि नाणी कुलुपात गेली.

२/ त्या नमुन्यांतील सोन्याची सॉव्हरिन नाणी आज अवघी सहा असल्याचे मानले जाते. त्यांतले एक २०२० मध्ये १० लाख पौंडांना एका खासगी संग्राहकाने घेतले. पुढच्याच वर्षी त्याच राजाचे पाच पौंडांचे सुवर्णनाणे लिलावात सुमारे २२ लाख ८० हजार डॉलरला गेले. ज्या नाण्याने बाजारात कधी पावाचा तुकडाही विकत घेतला नाही, त्याची ही किंमत.

३/ असे आकडे वाचले की नाण्यांच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या तरुण वाचकाचा एक समज पक्का होतो : जे सोन्याचे, जे दुर्मिळ, जे 'चाचणीचे', ते इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. हा समज तपासून घ्यायला हवा. सोन्याच्या चाचणी-नाण्यांपैकी काही खरोखर अमूल्य पुरावे आहेत. काही मात्र केवळ देखणे दागिने आहेत. दोहोंना एकाच तागडीत तोलणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

४/ आधी शब्दांचे अर्थ स्पष्ट करू. नाणे पाडण्यासाठी पोलादी ठसे कोरतात. दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवून दाब दिला की नाणे तयार होते. ठसा नीट उमटतो का, अक्षरे वाचता येतात का, राजाचे नाक चपटे तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी पाडलेला तुकडा म्हणजे चाचणी-छाप. नव्या नाण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी मांडताना पाडलेले पूर्ण नाणे म्हणजे नमुना-नाणे. आरशासारखी झिलई देऊन खास पाडलेले नाणे म्हणजे प्रूफ.

५/ आता यातली गंमत पाहा. ठसा कोरणाऱ्या कारागिराला कामाची प्रगती तपासायची असली तर तो सोने वापरत नाही. तो शिसे किंवा कथील घेतो. हे धातू मऊ, स्वस्त आणि हाताशी असतात. अनेकदा एकाच बाजूचा छाप घेतला जातो, दुसरी बाजू सपाटच राहते. कारागिराच्या हाताखालची खरीखुरी चाचणी बहुधा अशी मळकट, करड्या रंगाची आणि दिसायला सामान्य असते.

६/ मग सोने कधी येते? कारणे मुख्यतः तीन. पहिले, प्रस्तावित नाणेच सोन्याचे असते. तेव्हा त्या धातूत, त्या वजनात ते कसे उतरते हे पाहावेच लागते. दुसरे, राजाला, मंत्र्याला किंवा परदेशी पाहुण्याला नजराणा द्यायचा असतो. तिसरे, संग्राहक पैसे मोजायला तयार असतात. यांतील पहिल्या कारणात प्रश्न आहे. उरलेल्या दोहोंत मिरवणे आहे.

७/ म्हणून अशा नाण्यासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ते पाडले तेव्हा कोणता निर्णय अजून व्हायचा होता, हा असावा. निर्णय खरोखर अधांतरी असेल तर ते नाणे म्हणजे त्या निर्णयाचे कागदपत्र आहे. तसा निर्णयच नसेल तर 'चाचणी' हा शब्द फक्त शोभेचा उरतो. ही कसोटी चार-पाच नाण्यांवर घासून पाहू.

८/ पहिले नाणे १६५६ चे. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंड प्रजासत्ताक बनले. १६५३ च्या अखेरीस ऑलिव्हर क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला. त्या काळी इंग्लंडची नाणी प्रामुख्याने हातोड्याने पाडली जात. त्यांच्या कडा ओबडधोबड असत. लोक कात्रीने कडेची किनार कापून सोने-चांदी काढून घेत आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला खपवत. कातरलेले नाणे आणि मुळातच वेडेवाकडे पडलेले नाणे यांत फरक करणे कठीण होते.

९/ यावर उपाय घेऊन पिएर ब्लाँदो नावाचा फ्रेंच यंत्रज्ञ लंडनला आला. त्याच्याकडे यंत्राने एकसारखी गोल नाणी पाडण्याची आणि त्यांच्या कडेवर अक्षरे उमटवण्याची विद्या होती. कडेवर अक्षरे असली की कातरणाऱ्याची कात्री लगेच उघडी पडते. पण हातोड्याने नाणी पाडणाऱ्या लंडनच्या कारागिरांच्या संघाला आपला रोजगार जाण्याची भीती वाटली आणि त्यांनी कडवा विरोध केला. १६५१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापले नमुने पाडून दाखवले.

१०/ १६५६ मध्ये क्रॉमवेलच्या नाण्यांचे ठसे टॉमस सायमन या असामान्य कोरक-कलावंताने कोरले आणि नाणी ब्लाँदोच्या यंत्रांवर पाडली गेली. त्यांत वीस शिलिंगांचे 'ब्रॉड' नावाचे सुवर्णनाणे होते. ते इतके पातळ होते की त्याच्या कडेवर अक्षरे मावणे शक्य नव्हते. म्हणून त्याच ठशांनी बऱ्याच जाड चकतीवर पन्नास शिलिंगांचे नाणे पाडले गेले. त्याच्या कडेवर लॅटिन मजकूर आहे. आशय असा की ही अक्षरे नाण्याचे भूषणही आहेत आणि संरक्षणही. अशी नाणी आज जेमतेम दहा-बारा उरली आहेत.

११/ हे खरे प्रश्नवाचक सोने. येथे सोन्याची जाडी मिरवण्यासाठी आलेली नाही. अक्षरांना जागा मिळावी म्हणून आली आहे. यंत्र की हातोडा, परदेशी तंत्रज्ञ की देशी कारागीर, हा वाद त्या कडेवर उमटला आहे. नाण्याची दर्शनी बाजू आणखी एक प्रश्न विचारते. राजाला मारून आलेल्या सत्तेचा प्रमुख येथे रोमन सम्राटासारखा पानांचा मुकुट घालून बसला आहे. मागील बाजूच्या ढालीवर राजमुकुटही आहे. प्रजासत्ताकाने राजेपणाची रंगीत तालीम केली, तिचा हा पुरावा.

१२/ निकाल काय लागला? क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला. १६६० मध्ये राजसत्ता परतली. पुढच्याच वर्षी क्रॉमवेलचे प्रेत उकरून टायबर्नला लटकवण्यात आले. ब्लाँदोला मात्र नव्या राजाने पुन्हा बोलावून घेतले. १६६२ पासून यंत्राने पाडलेली नाणी आली आणि मोठ्या नाण्यांच्या कडेवर 'भूषण आणि संरक्षण' हाच विचार वेगळ्या लॅटिन शब्दांत उमटला. तेच शब्द १९८३ च्या एक पौंडाच्या नाण्याच्या कडेवरही होते. माणूस नाकारला गेला, त्याच्या काळातले तंत्र टिकले.

१३/ टॉमस सायमनच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. नव्या दरबारात रोटिए बंधूंची वर्णी लागली. सायमनने १६६३ मध्ये राजाला उद्देशून, कडेवर बारीक अक्षरांत चक्क विनंतीअर्ज कोरलेले एक नमुना-नाणे सादर केले. ते चांदीचे होते. अर्ज फळला नाही. १६६५ च्या प्लेगमध्ये सायमन वारला. त्याचे हे चांदीचे नाणे कलेच्या आणि करुणेच्या बाबतीत पुष्कळशा सुवर्णनाण्यांना मागे टाकते, हे येथेच नोंदवून ठेवलेले बरे.

१४/ दुसरे नाणे दोन शतकांनंतरचे, १८६८ चे. ते पाहण्याआधी त्याची पार्श्वभूमी. १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी आपापल्या नाण्यांचे वजन आणि कस एकसारखा केला. १८६७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कल्पना मोहक होती : २५ फ्रँक, एक ब्रिटिश पौंड आणि पाच अमेरिकी डॉलर यांत सारखेच सोने असावे. म्हणजे लंडनहून पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्याला सराफाकडे बट्टा द्यावा लागणार नाही.

१५/ अडचण किती मोठी होती? आकडे पाहू. ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने होते. २५ फ्रँकांत ७.२६ ग्रॅम. फरक शेकडा एकापेक्षाही कमी, म्हणजे एका पौंडामागे साधारण दोन पेनींचा. युरोपच्या समाईक चलनाच्या वाटेवर तेव्हा दोन पेनींची धोंड होती.

१६/ ब्रिटनने १८६८ मध्ये या प्रश्नावर शाही आयोग नेमला. त्याच वर्षीचे एक सोन्याचे नमुना-नाणे आहे. त्यावर दोन देशांचे हिशेब शेजारी-शेजारी लिहिले आहेत : 'डबल फ्लोरिन' आणि 'पाच फ्रँक'. गणित सरळ आहे. फ्लोरिन म्हणजे दोन शिलिंग. डबल फ्लोरिन म्हणजे चार शिलिंग, अर्थात पौंडाचा पाचवा भाग. पौंड २५ फ्रँकांचा झाला असता तर चार शिलिंग म्हणजे बरोबर पाच फ्रँक. अमेरिकेनेही त्याच वर्षी पाच डॉलर आणि २५ फ्रँक अशी दुहेरी किंमत लिहिलेला नमुना पाडला.

१७/ प्रत्यक्षात काहीच घडले नाही. पौंडातले सोने दोन पेनींनी घटवायचे, तर जुन्या कर्जांचे, भाड्यांचे आणि करारांचे काय करायचे? ऋणकोचा फायदा आणि धनकोचा तोटा कोणी भरून द्यायचा? ब्रिटनने पाऊल मागे घेतले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसचे स्वप्न विरले. उरले ते हे छोटेसे सोने. १८६८ मध्ये लंडनने हा विचार किती गांभीर्याने केला होता, हे त्यावर बोट ठेवून दाखवता येते.

१८/ अशा नाण्याचे महत्त्व त्यातल्या सोन्यात नाही आणि त्याच्या देखणेपणातही नाही. इतिहासाची पुस्तके घडून गेलेल्या गोष्टींची असतात. पण घडून गेलेले एकेकाळी अनेक शक्यतांपैकी एक शक्यता होते. बाकीच्या शक्यता कशा दिसत होत्या हे सांगणारे पुरावे फार थोडे असतात. खरे नमुना-नाणे त्या थोड्यांतले एक. न घेतलेल्या निर्णयाला त्याने वजन, व्यास आणि चेहरा दिलेला असतो.

१९/ आता दुसरी जातकुळी पाहू. १८३९ हे साल असलेले पाच पौंडांचे 'उना आणि सिंह' हे सुवर्णनाणे इंग्लंडच्या सर्वांत सुंदर नाण्यांत गणले जाते. कोरक विल्यम वायन. एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन' या काव्यातील उना ही नायिका सिंहाला वाट दाखवते. वायनने तरुण व्हिक्टोरिया राणीलाच उना केले. राणी पुढे, ब्रिटनचा सिंह सोबत, आणि वर देवाने माझी पावले योग्य मार्गाने न्यावीत अशी लॅटिन प्रार्थना.

२०/ हे नाणे नव्या राजवटीच्या खास प्रूफ-संचासाठी पाडले गेले. ते बाजारात चालावे असा हेतू नव्हता. जवळपास ३९ ग्रॅम सोन्याचे नाणे घेऊन भाजी आणायला कोणी जाणारही नव्हते. कलेच्या इतिहासात त्याचे स्थान निर्विवाद आहे. परंतु चलनाच्या इतिहासात ते कोणताही प्रश्न सोडवत नाही. त्याला 'नमुना' म्हणताना हे भान असावे. ते राणीचे चित्र आहे, फक्त ते कॅनव्हासऐवजी सोन्यावर काढले आहे.

२१/ तिसरे उदाहरण आणखी बोलके. १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीला २५ वर्षे झाली म्हणून पाच शिलिंगांचे 'क्राउन' नाणे निघाले. पर्सी मेटकाफने काढलेला त्यावरचा सेंट जॉर्जचा घोडा इतका ताठर होता की लोकांनी त्याला लाकडी झुलता घोडा ठरवले. अर्ध्या चांदीचे हे नाणे लाखोंनी पाडले गेले. त्याच रचनेची सोन्याची नाणीही पाडली गेली : तीसपेक्षाही कमी. ती सोडत काढून संग्राहकांना दिली गेली.

२२/ येथे कशाची चाचणी होती? रचना ठरलेली होती, ठसे ठरलेले होते, चांदीचे नाणे चलनात येतच होते. सोन्याचा क्राउन काढावा की काय असा विचार कोणाच्याही मनात नव्हता. येथे दुर्मिळता हीच मुळी उत्पादन म्हणून घडवली गेली. ब्रिटनने सुवर्णमानाचा त्याग १९३१ मध्येच केला होता. ज्या देशात सोन्याचे नाणे रोजच्या व्यवहारातून हद्दपार झाले, त्याच देशाच्या टांकसाळीने ते शौकिनांसाठी सोडतीवर काढले, एवढीच त्याची ऐतिहासिक साक्ष. तीही कमी नाही. पण ती 'चाचणी'ची साक्ष नव्हे.

२३/ याहून एक पायरी खाली उतरले की पुनर्छाप येतात. बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनने उभारलेल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर १७९७ ची प्रसिद्ध तांब्याची जाडजूड पेनी पाडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती टांकसाळ मोडीत निघाली. डब्ल्यू. जे. टेलर या ठसेकाराने तिथले जुने ठसे घेतले आणि त्यांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडली. ठसा खरा, साल जुने, नाणे मात्र नंतरचे.

२४/ हा प्रकार भारतालाही परका नाही. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांना पुनर्छाप पाडून दिले. म्हणूनच ब्रिटिश भारताच्या एखाद्या दुर्मिळ नाण्याची बोली लागते तेव्हा जाणकार आधी एकच विचारतात : मूळ की पुनर्छाप? फोर्टमधल्या टांकसाळीच्या भिंतीआड पडलेल्या नाण्यावर १८३५ लिहिलेले असू शकते आणि ते कितीतरी दशकांनी पाडलेले असू शकते. साल हा ठशाचा जन्म सांगतो, नाण्याचा नव्हे.

२५/ सोन्याबाबत आणखी एक साधी खबरदारी. सोहोच्या अनेक तांब्याच्या नाण्यांना सोन्याचा मुलामा दिलेला असे. छायाचित्रात ती अस्सल सोन्याचीच वाटतात. वजन मात्र लपत नाही. तांब्याची घनता सुमारे ८.९, २२ कॅरट सोन्याची १७ च्या वर. म्हणजे तेवढ्याच आकाराचे सोन्याचे नाणे तांब्याच्या जवळपास दुप्पट भरते. १८८७ मध्ये व्हिक्टोरियाची सहा पेनींची चांदीची नाणी अर्ध्या सॉव्हरिनसारखी दिसत. मुलामा देऊन लोक ती खपवू लागले आणि टांकसाळीला ती रचना मागे घ्यावी लागली.

२६/ आता पुन्हा आठव्या एडवर्डकडे. त्याचे सोने कोणत्या रांगेत बसते? दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून प्रत्येक नव्या राजाचे तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला ठेवण्याची प्रथा होती. पाचवा जॉर्ज डावीकडे पाहत होता. एडवर्डने उजवीकडे पाहायला हवे होते. त्याने नकार दिला. केसांचा भांग दिसणारी आपली डावी बाजू अधिक चांगली आहे, असे त्याचे मत होते. हम्फ्री पॅजेटने कोरलेल्या मुद्रेत राजा डावीकडेच पाहतो.

२७/ राजाचा हट्ट म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेता येते. परंतु टांकसाळीच्या दृष्टीने तो अडीचशेहून अधिक वर्षांच्या शिरस्त्याचा प्रश्न होता. नव्या नाण्यांच्या मागील बाजूही बदलत होत्या : फार्दिंगवर चिमुकला रेन पक्षी, अर्ध्या पेनीवर जहाज, आणि तीन पेनींसाठी पितळी रंगाचे बारा बाजूंचे अगदी नवे नाणे. जुन्या राजचिन्हांच्या जागी पक्षी, जहाज आणि फुले येत होती. निर्णय चालू होते, काही ठरले होते, काही व्हायचे होते. अशा वेळी पाडलेले नमुने खऱ्या अर्थाने नमुने ठरतात.

२८/ तरीही त्यांतले सोने सर्वांत कमी बोलते, हे लक्षात घ्यावे. १९३७ मध्ये सॉव्हरिन आणि पाच पौंड ही नाणी बाजारात फिरणारच नव्हती. ती राज्याभिषेकाच्या प्रूफ-संचात बसवायची होती. त्यांच्यावर व्यवहाराचा कोणताही प्रश्न अवलंबून नव्हता. व्यवहाराचा खरा प्रश्न पितळी तीन पेनींच्या नाण्यावर होता. बारा बाजूंचे नाणे नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांत अडकेल का? हे पाहण्यासाठी अशी काही नाणी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांना दिली गेली. त्यांतली काही टांकसाळीकडे परत आलीच नाहीत.

२९/ या दोन नाण्यांची तुलना करून पाहावी. एक सोन्याचे : मखमलीत जन्मले, तिजोरीत वाढले. दुसरे पितळी रंगाचे : यंत्राच्या खाचेत टाकले गेले, घसरले, अडकले, पुन्हा टाकले गेले. 'चाचणी' हा शब्द कोणाला शोभतो? लिलावात सोने अर्थातच बाजी मारते. पण सामान्य माणसाच्या बोटांपर्यंत पोहोचण्याच्या सर्वांत जवळ एडवर्डचे कोणते नाणे आले होते, याचे उत्तर त्या पितळी नाण्याजवळ आहे.

३०/ आणखी एक विरोधाभास. इंग्लंडमध्ये एडवर्डच्या नावाचे एकही नाणे चलनात आले नाही. साम्राज्याच्या कडेकोपऱ्यांत मात्र आले. पूर्व व पश्चिम आफ्रिका, फिजी आणि न्यू गिनी येथील मध्ये भोक असलेल्या १९३६ च्या नाण्यांवर त्याचे नाव आहे. भोकामुळे चेहऱ्याला जागाच नव्हती. आणि मुंबईपासून फार दूर नसलेल्या कच्छ संस्थानात महाराव खेंगारजी तिसरे यांच्या कोरीवरही ब्रिटनचा राजा म्हणून एडवर्डचे नाव उमटले. लंडनच्या बाजाराने जे नाव पाहिले नाही, ते भुजच्या बाजाराने पाहिले.

३१/ पुढे सहाव्या जॉर्जचे तोंड कोणत्या दिशेला करायचे, हा पेच आला. एडवर्डचे नाणे निघालेच नव्हते. टांकसाळीने असे धरले की निघाले असते तर ते प्रथेप्रमाणे उजवीकडे पाहणारे असते! म्हणून जॉर्ज डावीकडे वळला. नंतर एलिझाबेथ उजवीकडे आणि आज तिसरा चार्ल्स डावीकडे. म्हणजे ब्रिटिश नाण्यांची ही अखंड वाटणारी परंपरा एका कधीच न पाडलेल्या, काल्पनिक नाण्यावर उभी आहे. आणि सोन्याचे ते खरे नमुने या कल्पनेला खोटे पाडतात. त्यांचे ऐतिहासिक मोल यात आहे.

३२/ येथे एक आक्षेप न्याय्य आहे. संग्राहकांनी पैसे मोजले नसते तर यातले बरेच सोने वितळून गेले असते. क्रॉमवेलची आठवण जपण्यात पुढच्या राजांना काडीचा रस नव्हता. ती पिढ्यान्‌पिढ्या शौकिनांनी जपली. नमुना-नाण्यांच्या सूची आणि ठशांची तुलना यांतही खासगी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. किंमत हे जतनाचे एक साधन आहे, हे मान्य करावेच लागेल.

३३/ पण जतन आणि अर्थ या वेगळ्या गोष्टी आहेत. बंद तिजोरीतले नाणे सुरक्षित असते, ते वाचले मात्र जात नाही. १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी सोन्याची जी मोजकी प्रूफ नाणी पाडली, ती विक्रीला न काढता राष्ट्रीय संग्रहांसाठी राखली गेली. हे धोरण अधिक शहाणपणाचे होते. सरकारी टांकसाळीत सरकारी निर्णयासाठी पाडलेला नमुना हा मुळात दस्तऐवज आहे. निदान एक प्रत तरी अभ्यासकाच्या नजरेच्या टप्प्यात राहिली पाहिजे. एडवर्डच्या बाबतीत शाही टांकसाळीच्या संग्रहालयामुळे ते शक्य झाले आहे.

३४/ संग्रहालयांकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. काचेच्या पेटीत सोन्याचा नमुना ठेवला तर त्याच्या शेजारी त्याच ठशाचा शिशाचा छापही ठेवावा. अंतिम रूप आणि कारागिराची धडपड एकत्र दिसू द्यावी. सोने एकटेच झळकत राहिले की पाहणाऱ्याला वाटते, नाणी राजाच्या इच्छेने आपोआप जन्मतात. शिसे सांगते, त्यामागे कोणाची तरी चूक, दुरुस्ती आणि काजळलेली बोटे होती.

३५/ तेव्हा पुढच्या वेळी 'अतिदुर्मिळ सुवर्ण चाचणी-नाणे' अशी जाहिरात दिसली की चार प्रश्न विचारावेत.
▪ पाडले तेव्हा कोणता निर्णय बाकी होता?
▪ ते कोणाला दाखवण्यासाठी पाडले?
▪ ठशाचे साल आणि पाडण्याचे साल एकच आहे का?
▪ हेच नाणे स्वस्त धातूत असते तर त्याने तीच गोष्ट सांगितली असती का?

३६/ चौथ्या प्रश्नाचे उत्तर १६५६ आणि १८६८ च्या नाण्यांसाठी 'नाही' असे येते. तेथे सोन्याचे वजनच वादाचा विषय होते. १९३५ च्या क्राउनसाठी उत्तर येते : स्वस्त धातूने अधिकच सांगितले असते, आणि सांगितलेच. एडवर्डच्या सॉव्हरिनसाठी 'बव्हंशी हो', कारण त्याचा भांग पितळेवरही तसाच दिसतो. या उत्तरांवरून प्रत्येक नाण्याची इतिहासातली जागा ठरते. हातोड्याखाली पुकारलेल्या आकड्यावरून ती ठरत नाही.

३७/ सराफ सोन्याचा कस दगडावर लावतो. बावनकशी सोनेसुद्धा त्या काळ्या दगडावर घासल्याशिवाय तो मान्य करत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाचा दगड म्हणजे त्याचा प्रश्न. ज्या नमुना-नाण्याची रेघ त्या दगडावर उमटते, ते शिशाचे असले तरी जपावे. ज्याची उमटत नाही, त्याचे सौंदर्य मनसोक्त पाहावे, दाद द्यावी आणि पुढच्या पेटीकडे वळावे.

(समाप्त)